नकाशावरील कथा आणि वाटेवरील कथा

१

‘स्टोरीमॅप’ या नावाने ओळखला जाणारा एक संमिश्र रचनाप्रकार गेल्या दशकभरात जगातील अनेक विद्यापीठांतून रूढ झाला आहे. नकाशा, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि गद्य निवेदन यांची संगणकाच्या पडद्यावर गुंफण करून एखाद्या स्थळाची, प्रवासाची वा घटनेची हकीकत सांगावयाची, असे त्याचे स्थूल स्वरूप होय. या प्रकारासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरविल्या जातात. कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे १९६९ साली स्थापन झालेली एझ्री ही नकाशाविषयक संगणकप्रणाली निर्माण करणारी कंपनी या स्पर्धांच्या आयोजकांत प्रमुख आहे. आपल्या विभागांतील भूगोल, इतिहास व भाषा या विषयांच्या विद्यार्थ्यांना अशा स्पर्धांचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच आहे आणि त्यात काही गैरही नाही.

तथापि या प्रकाराची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते. नकाशा बिनचूक आहे काय, चित्रे सुबक आहेत काय, पडदा सरकविताना दृश्ये सुरळीत बदलतात काय, एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहते. ज्याला ‘कथा’ म्हटले जाते ती कथा म्हणून कितपत उभी राहते आणि ज्या भाषेत ती सांगितली जाते त्या भाषेचे नकाशाशी नाते कोणते, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे. त्यासाठी दृष्टान्त म्हणून बार्शी हे गाव आणि त्याच्या नावाने ओळखली गेलेली रेल्वे यांचा आधार घेतला आहे.

२

नकाशाने कथा सांगणे ही गोष्ट संगणकाइतकी नवी नाही. शार्ल मिनार या फ्रेंच स्थापत्यविशारदाने १८६९ साली नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीचा जो आलेख काढला, तो या प्रकाराचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. मॉस्कोकडे जाणाऱ्या सैन्याची रेषा ४,२२,००० सैनिकांपासून सुरू होते. तीच रेषा परतीच्या वाटेवर बारीक होत होत १०,००० वर येऊन संपते. या आलेखात मजकूर फारच थोडा आहे. रेषेची जाडी हेच त्या कथेचे क्रियापद होय. स्थळ, काळ आणि संख्या या तिन्ही गोष्टी तेथे एका आकृतीत अशा एकजीव झालेल्या आहेत की, त्यांतील एक काढून घेतली असता कथाच नाहीशी होते.

आजच्या साधनांची घडण याहून निराळी आहे. एझ्रीने २०१२ च्या सुमारास हे साधन प्रचारात आणले आणि २०१९ साली त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नाइट लॅबचे ‘स्टोरीमॅप जेएस’ हेही याच जातीचे. या साधनांत रचनेचे काही ठरीव साचे असतात. ‘मॅप टूर’ या साच्यात क्रमांक दिलेले बिंदू एकामागून एक उघडत जातात. ‘साइडकार’ या साच्यात एका बाजूस मजकूर सरकतो आणि दुसऱ्या बाजूस नकाशा बदलतो. ‘स्वाइप’ या साच्यात दोन नकाशे एकावर एक ठेवून मधला पडदा हाताने सरकविता येतो. लेखकाने साचा निवडावयाचा आणि त्यात आपला मजकूर भरावयाचा. मिनारला आपल्या कथेसाठी आकृती शोधावी लागली. येथे आकृती अगोदरच तयार असते. ज्या साहित्यप्रकारात रूप आधी व आशय मागाहून येतो, त्याच्या समीक्षकाने त्या रूपाचे गुणदोष प्रथम पारखून घ्यावयास हवेत.

३

या रूपाचा मूलघटक बिंदू हा आहे. पडद्यावरील प्रत्येक स्थळ अक्षांश-रेखांशांनी निश्चित झालेला एक बिंदू असते आणि निवेदनाचा प्रत्येक परिच्छेद अशा एखाद्या बिंदूस जोडलेला असतो. परंतु मनुष्य आपल्या बोलण्यात स्थळाची कल्पना अशी करीत नाही. शार्लट लिंड आणि विल्यम लाबव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपापल्या घराची रचना सांगावयास लावले. बहुतेकांनी ‘दारातून आत गेले की उजवीकडे अमुक, पुढे गेले की तमुक’ अशा चालण्याच्या क्रमाने उत्तर दिले. वरून पाहिल्याप्रमाणे नकाशा मांडणारे फारच थोडे निघाले. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांनी १९८० साली हाच भेद पुढे नेऊन नकाशा आणि वाट या स्थळज्ञानाच्या दोन परस्परविरोधी रीती मानल्या. एकीत पाहणारा स्थळाच्या बाहेर असतो, तर दुसरीत तो स्थळाच्या आत चालत असतो.

मराठी भाषेच्या घडणीत या दुसऱ्या रीतीचे वर्चस्व पदोपदी दिसते. ‘पुढे’ आणि ‘मागे’ ही आपली स्थलवाचक अव्यये एकाच वेळी कालवाचकही आहेत. ऐकणारा ‘पुढे काय झाले?’ असे विचारतो, तेव्हा तो कथेला वाटच समजत असतो. ‘अलीकडे’ या शब्दाने नदीचा आपल्या बाजूचा काठही कळतो आणि नुकताच होऊन गेलेला काळही. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. नकाशास अलीकड नसते, कारण नकाशा पाहणारा कोठेच उभा नसतो.

स्थलवाचक प्रत्ययांचीही गोष्ट अशीच आहे. आपण ‘कोकणात’ जातो, पण ‘देशावर’ व ‘घाटावर’ येतो. मनुष्य गावात राहतो, पण वस्तीवर राहतो. शेतकरी मळ्यात असतो आणि बांधावर बसतो. बायका बाजारात जातात आणि ओढ्यावर धुणे नेतात. ‘-त’ आणि ‘-वर’ यांच्या या निवडीत त्या त्या स्थळाची उंची, त्याचे बंदिस्तपण वा मोकळेपण आणि त्याच्याशी असलेला बोलणाऱ्याचा व्यवहार साठविलेला असतो. बिंदूला एवढेच म्हणता येते की, स्थळ ‘येथे’ आहे. तेव्हा मराठीत लिहिलेली कथा बिंदूंवर बसविताना निवेदकाने सावध राहिले नाही, तर प्रत्यय शिल्लक राहतात आणि त्यांतील भूगोल मात्र गळून पडतो. भाषा मराठी आणि स्थलकल्पना परकी, अशी एक विसंगती अशा लेखनात निर्माण होते.

४

स्थळ आणि कथा यांची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न मराठीत सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, याची येथे आठवण करून देणे अवश्य आहे. महानुभाव पंथाचा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ तो प्रयत्न होय. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रातील ज्या ज्या गावी राहिले, बसले वा जेवले, त्या त्या स्थानांची नोंद या ग्रंथात आहे. गावाचे नाव, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, दाराच्या कोणत्या अंगास ते स्थान, नदी कोणीकडे, अशा खुणांनी वाचकास नेमक्या जागेपर्यंत नेले जाते. डॉ. वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील यात्रा आणि प्रदेशकल्पना यांविषयीच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महानुभावांच्या या स्थलपरंपरेची विस्ताराने चिकित्सा केली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्वामींच्या लीळा म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत, तर स्थानांचे वर्णन ‘स्थानपोथी’त आहे. म्हणजे कथा एका ग्रंथात आणि स्थळ दुसऱ्या ग्रंथात, अशी ही योजना आहे. या दोहोंचा सांधा पुस्तकात जुळत नाही. साधक स्वतः चालत जाऊन त्या ठिकाणी उभा राहतो, तेथील ओट्यास नमस्कार करतो आणि लीळा आठवतो, तेव्हा तो सांधा जुळतो. ज्यास आज ‘वाचकाचा सहभाग’ म्हणतात, तो येथे अक्षरशः पायांनी घ्यावयाचा आहे.

स्टोरीमॅप हा सांधा वाचकासाठी आयताच जुळवून देतो. बोटाने पडदा सरकविला की स्थळ आणि कथा एकाच वेळी समोर येतात. यात सोय आहे, हे निर्विवाद. परदेशी राहणाऱ्या, वृद्ध वा अपंग वाचकास जे स्थळ एरवी कधीच दिसले नसते ते यामुळे दिसते, हा लाभही लहान नाही. परंतु स्थानपोथीतील दिशा आणि खुणा या वाचकाने वापरावयाच्या आहेत, तर पडद्यावरील बिंदू वाचकाने पाहावयाचा आहे, हा भेद पुसून टाकता येत नाही. पहिल्या प्रकारात भाषेवाचून स्थळ सापडतच नाही. दुसऱ्यात भाषा नसली तरी स्थळ सापडते, आणि म्हणून भाषा शोभेपुरती उरण्याचा धोका संभवतो.

५

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. बार्शी लाइट रेल्वेची हकीकत स्टोरीमॅपच्या रूपात मांडावयाची, असे कोणी मनात आणल्यास सामग्री विपुल आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीस बाजूला टाकून गेला. कापसाची व गळिताच्या धान्याची ही मोठी पेठ लोहमार्गापासून सुमारे २१ मैल दूर राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या अरुंदमापी मार्गाची योजना आखली आणि १८९७ साली हा मार्ग बार्शीपर्यंत सुरू झाला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांपेक्षा अधिक पडू नये, या तत्त्वावर त्याने एंजिने आणि डबे यांची रचना केली होती. १९०६ साली हा मार्ग पंढरपूरपर्यंत, १९११ साली लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेला. १९५४ च्या आरंभी तो सरकारच्या ताब्यात आला. येथील अनुभव घेऊनच इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड हा छोटा मार्ग कॅलथ्रॉपच्या देखरेखीखाली बांधला गेला. म्हणजे बार्शीचा नमुना इंग्लंडात गेला. २००८ साली कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंदमापी झाला आणि त्याची आखणी तेव्हाच्या उस्मानाबाद शहराकडून नेण्यात आली.

या सामग्रीपैकी काही भाग स्टोरीमॅपला उत्तम साधेल. जुनी आणि नवी आखणी ‘स्वाइप’च्या दोन अंगांस ठेवली, तर रेषा कोठे वळली, कोणते गाव मार्गावर आले आणि कोणते मार्गावरून उतरले, हे दहा पृष्ठांच्या गद्याने कळणार नाही इतके स्पष्ट एका दृष्टिक्षेपात कळेल. १९४८ पूर्वीची राजकीय सीमा त्यावर दाखविली, तर ब्रिटिश मुलखातून निघालेली गाडी बार्शीपुढे निजामाच्या राज्यात कशी शिरत होती आणि ही पेठ दोन राज्यांच्या शिवेलगत असल्यामुळे कशी वाढली, हेही ध्यानी येईल. नकाशाचे हे सामर्थ्य मान्य न करणे हा केवळ दुराग्रह ठरेल.

परंतु याच सामग्रीत एक नाव असे आहे की, जेथे नकाशा अडखळतो. मुख्य मार्गावरील ज्या स्थानकावर बार्शीचे प्रवासी उतरत, त्याचे नाव ‘बार्शी रोड’ असे होते. हे स्थानक बार्शीत नव्हते, ते कुर्डुवाडीस होते. नकाशावर कुर्डुवाडीच्या जागी बिंदू काढून त्यापुढे ‘बार्शी रोड’ लिहिले, तर पाहणाऱ्यास ती चूक वाटेल किंवा निदान तो बुचकळ्यात पडेल. प्रवाशास मात्र त्यात काहीही विचित्र वाटत नव्हते. त्या नावाचा अर्थ ‘हे बार्शी आहे’ असा नसून ‘बार्शीस जावयाचे असेल त्याने येथे उतरावे’ असा होता. हे नाव स्थळाचे नाही, वाटेचे आहे. त्यात एक अध्याहृत क्रियापद आहे. नाशिक रोड आणि आबू रोड ही नावे याच जातीची आहेत. त्यांपैकी नाशिक रोड हे तर पुढे एका स्वतंत्र वस्तीचे नाव होऊन बसले आणि ‘आम्ही नाशिक रोडला राहतो’ असे म्हणताना त्यातील वाट कोणास जाणवेनाशी झाली. वाटेचे नाव स्थळाचे नाव होते, हा भाषेतील एक इतिहासच आहे. चांगल्या स्टोरीमॅपने तो सांगावयास हवा. परंतु त्यासाठी बिंदू पुरत नाही, वाक्य लागते.

६

नावांचा प्रश्न येथेच संपत नाही. ‘बार्शी’ या नावाची उपपत्ती लोक ‘बारा शिव’ अशी सांगतात आणि गावातील शिवालयांशी ते नाव जोडतात. दुसरीही एक वाट संभवते. बार्शीचे ग्रामदैवत भगवंत म्हणजे विष्णू. द्वादशीचे व्रत निष्ठेने पाळणाऱ्या अंबरीष राजाच्या कथेशी या क्षेत्राचे नाते सांगितले जाते. पंढरपूरची एकादशी झाल्यावर द्वादशीस बार्शीला भगवंताचे दर्शन घ्यावे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. द्वादशीस प्राकृतात ‘बारसी’ म्हणतात. आपल्याकडे वसुबारसेत तो शब्द अजून जिवंत आहे. इ-ए या स्वरांपूर्वीच्या ‘स’चा मराठीत ‘श’ होतो, हा झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या ग्रंथापासून अभ्यासकांस परिचित असलेला नियम होय. सिंदूरचा शेंदूर आणि सीमेची शीव याच नियमाने झाली. ‘बारसी’चे ‘बार्शी’ होण्यास ध्वनिदृष्ट्या कोणतीही अडचण नाही. ‘बारा शिव’ यापासून ‘बार्शी’ साधावयाचे तर अन्त्य ‘व’ कोठे गेला, याचा खुलासा करावा लागेल. अर्थात ध्वनिनियमाची अनुकूलता म्हणजे व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. जुन्या लेखांतील रूपे हाती आल्याखेरीज निर्णय देणे उतावीळपणाचे होईल.

मुद्दा असा की, ही दोन्ही सांगणी गावाच्या कथेचे घटक आहेत. एक शैव, दुसरे वैष्णव. एक गावाच्या आतल्या देवळांकडे पाहणारे, दुसरे पंढरीहून येणाऱ्या वाटेकडे पाहणारे. बिंदूपुढील नामपट्टी मात्र यांपैकी कशाचाच पत्ता लागू देत नाही. पुष्कळदा तर ती रोमन लिपीत असते आणि तीतही रेल्वेने रूढ केलेल्या जुन्या वर्णलेखनामुळे ‘श’ हा वर्ण ‘स’ होऊन बसतो. शिवाय ही पट्टी निवेदकाच्या हाती नसते. पार्श्वनकाशा पुरविणारा कोणी दूरचा असतो आणि तो नावे बदलील तशी ती बदलतात. उस्मानाबादचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यापूर्वी रचलेल्या एखाद्या स्टोरीमॅपचा मजकूर जुन्या नावाने बोलत राहील आणि खालचा नकाशा नव्या नावाने. ज्या वाचकास हा बदल ठाऊक नाही, त्याला ही दोन निराळी गावे वाटल्यास आश्चर्य नाही. छापील ग्रंथात काळाचा शिक्का मुखपृष्ठाच्या आतच असतो. येथे कथा आणि नकाशा यांचे वय सारखे राहत नाही.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निवेदकाच्या तोंडी वर्णनात अतिशयोक्ती आणि विस्मरण असते, नकाशा ते सुधारतो. हा आक्षेप खरा आहे. हाकेच्या अंतरावर सांगितलेले गाव दीड कोस निघते, हा अनुभव कोणास नाही? परंतु सुधारणे आणि पुसून टाकणे यांत अंतर आहे. मोजलेले अंतर एका बाजूस आणि सांगितलेले अंतर दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी करणारा स्टोरीमॅप दोहोंच्या तफावतीतून गावाविषयी तिसरेच काही सांगू शकेल. ओढ्यास पूर आल्यावर हाकेवरचे गाव दिवसभराच्या अंतरावर जाते, ही गोष्ट त्या तफावतीतच कळते.

दुसरा आक्षेप असा की, वर दाखविलेले दोष साधनाचे नसून ते अकुशलपणे वापरणाऱ्यांचे आहेत. हाही बहुतांशी ग्राह्य आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण याची साक्ष देईल. त्यात नकाशावरील बिंदूमागे त्या गावच्या बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रित बोल आहेत. तेथे बिंदू हे कथेचे झाकण नाही, दार आहे. ते सर्वेक्षण स्पर्धेसाठी केलेले नव्हते, हेही विसरता कामा नये. स्पर्धेत परीक्षकास थोड्या अवधीत पुष्कळ रचना पाहावयाच्या असतात. साहजिकच जे प्रथमदर्शनी भव्य व चकचकीत, त्याचे पारडे जड होते. परीक्षक दूरदेशीचा असल्यास स्थळ त्याला सुबोध करून देण्याच्या भरात निवेदक स्वतःच्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहू लागतो. वारीचे ‘रंगीबेरंगी दृश्य’ होते आणि बार्शीच्या गाडीची ‘खेळण्यातली आगगाडी’ होते. इरावती कर्वे यांनी १९६२ साली वारीवरील आपल्या इंग्रजी लेखात, ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा आशयाची व्याख्या केली होती. त्यांचा वाचकही परदेशीच होता. पण त्या दिंडीबरोबर चालल्या होत्या, आणि त्यामुळे त्या लेखातील महाराष्ट्र आतून दिसतो.

८

या विवेचनावरून स्टोरीमॅपच्या समीक्षेसाठी काही कसोट्या सुचविता येतात. पहिली कसोटी अशी की, नकाशा काढून घेतला असता कथेचे काय नुकसान होते? काहीच होत नसेल, तर नकाशा केवळ सजावट होय. दुसरी कसोटी तिच्या उलट आहे. मजकूर काढून घेतला असता काय हरवते? काहीच हरवत नसेल, तर तेथे कथा नव्हतीच. मिनारचा आलेख पहिल्या कसोटीस पूर्णपणे उतरतो, स्थानपोथी दुसरीस. दोन्हींस उतरणारी रचना दुर्मिळ असणार, पण ती अशक्य नाही. तिसरी कसोटी नावांची. एकाच स्थळाची अनेक नावे, त्यांच्या लोकांनी सांगितलेल्या उपपत्ती आणि ‘बार्शी रोड’सारखी वाटेची नावे यांना निवेदनात जागा मिळाली आहे काय? आणि चौथी कसोटी निवेदक कोठे उभा आहे याची. त्याच्या भाषेत अलीकडे-पलीकडे आहे काय, की तो सर्व ठिकाणांवरून सारख्याच उंचीवरून उडत जातो?

स्पर्धांत आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य भाग घ्यावा. मात्र मराठी विभागांनी त्यांच्या हाती संगणकाबरोबर स्थानपोथीही द्यावी. बक्षीस मिळेल न मिळेल. परंतु ज्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या शिवेवरील, ओढ्यावरील व वस्तीवरील वडीलधाऱ्यांचे बोलणे त्यांच्याच प्रत्ययांसह टिपून घेतले आणि मग ते नकाशाशी ताडून पाहिले, त्याने भाषेचे आणि भूगोलाचे असे दुहेरी काम केलेले असेल. अशी नोंद आज झाली नाही, तर सांगणारे गेल्यावर नकाशे बिनचूक राहतील आणि त्यांवरील गावे मुकी होतील.